अमेरिकेत लेकीकडे जाताय? जॉकी हॉलोचे जंगल चालून या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की आपल्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेवरचे लेख येऊ लागतात. नायगारा, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, वॉशिंग्टनचे व्हाइट हाऊस, लास व्हेगासचे दिवे. लेकाकडे किंवा लेकीकडे न्यू जर्सीत चार महिने राहायला जाणारे आमच्यासारखे आईवडील ही कात्रणे जपून ठेवतात आणि त्यातल्या एकेका नावावर खूण करत परत येतात. त्या यादीत एका जागेची भर पडावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर सैनिकांच्या उपासमारीचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती. त्या भागासाठीच लिहायला बसलो.

जागेचे नाव जॉकी हॉलो. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊन गावाच्या बाहेर, डोंगरउतारावरचे जंगल. एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवे या आपल्या माणसांनी भरलेल्या गावांपासून २८७ क्रमांकाच्या महामार्गाने गाडी साधारण तासाभराच्या आत तिथे पोचते. आत जायला तिकीट नाही. तरीही आमच्या लेकीच्या सोसायटीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मी विचारले, तर बहुतेकांनी पाटी महामार्गावरून जाताना पाहिली होती, आत कोणी वळले नव्हते.

मी वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. कुठल्याही जंगलात शिरलो की आधी खोडांची गोलाई, मग झाडांखालची रोपे आणि मग माती पाहायची, ही सवय अंगात मुरलेली. जावयाने सकाळी गाडीत बसवताना एवढेच सांगितले होते, ‘बाबा, तुम्हाला झाडं आवडतील, आईला घर आवडेल आणि चिमणीला झोपड्या.’ मला, पत्नीला आणि नातीला, तिघांनाही त्याहून बरेच काही मिळाले.

तिथे काय घडले ते आधी सांगतो. अमेरिकी वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडपासून स्वातंत्र्य जाहीर केले, पण लढा त्यानंतर कितीतरी वर्षे चालला. न्यूयॉर्क शहर इंग्रजांच्या ताब्यात होते. त्या काळात हिवाळ्यात मोठ्या फौजा हलत नसत. रस्ते बर्फाखाली जात, बैलांना आणि घोड्यांना चारा मिळत नसे. म्हणून थंडी पडायच्या आत सोयीची जागा बघून छावणी टाकायची आणि वसंत ऋतूपर्यंत तग धरायचा, अशी रीत होती. जॉर्ज वॉशिंग्टनने डिसेंबर १७७९ मध्ये आपली कॉन्टिनेंटल फौज, म्हणजे सगळ्या वसाहतींची मिळून उभारलेली फौज, मॉरिसटाऊनला आणली. न्यूयॉर्क तिथून साधारण ३० मैल. मध्ये वॉचुंगच्या डोंगररांगा आडव्या, त्यामुळे इंग्रजांना अचानक चाल करून येणे कठीण आणि त्यांच्या हालचालींवर नजर ठेवणे सोपे. शिवाय पाणी होते आणि लाकूड होते. हेन्री विक नावाच्या शेतकऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या मालकीचे घनदाट जंगल या उतारांवर उभे होते.

दहा हजारांहून अधिक माणसे तिथे आली आणि त्यांनी कुऱ्हाडी हातात घेतल्या. हजाराहून अधिक झोपड्या उभ्या राहिल्या. झोपडी म्हणजे ओंडक्यांवर ओंडके रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेल्या भिंती, फटींत चिखल, एका टोकाला दगडमातीची चूल आणि धुराडे. रुंदी साधारण १४ फूट, लांबी १५-१६ फूट आणि आत बारा माणसे. मेरीलँड, कनेक्टिकट, पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा एकेका प्रांताच्या ब्रिगेडला एकेक टेकडी नेमून दिलेली. झोपड्या एका रांगेत हव्यात असा वॉशिंग्टनचा कडक हुकूम होता. रांग सोडून बांधलेली झोपडी पाडून पुन्हा बांधायला लावत. आधी शिपायांच्या झोपड्या, मग अधिकाऱ्यांच्या, असा क्रम होता आणि त्यामुळे कित्येक अधिकारी ऐन थंडीत बरेच दिवस तंबूतच राहिले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज शुगरलोफ नावाच्या टेकडीवर, जिथे पेन्सिल्व्हेनियाची फौज होती, तिथे अशा पाच झोपड्या पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. आत जाता येते. मी एकीच्या भिंतीतले ओंडके मोजले आणि छताचा, फळ्यांचा अंदाज धरला. माझ्या हिशेबाने एका झोपडीला पस्तीस-चाळीस सरळ खोडे तरी लागली असतील. आता हजार झोपड्यांचा गुणाकार करा. आणि हे झाले फक्त बांधकामाचे लाकूड. प्रत्येक झोपडीत रात्रंदिवस पेटलेली चूल, स्वयंपाकाच्या आगी, लोहारांच्या भट्ट्या, यांना लागणारा लाकूडफाटा त्याच्या कितीतरी पट. शेकडो एकरांवरचे ओक, अक्रोड आणि चेस्टनट त्या एका हिवाळ्यात आडवे झाले. वनखात्यात आम्ही एका कूपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्याची, तोड करायची तर मार्किंग, नोंदी, परवानगी यांत महिने घालवायचो. इथे काही आठवड्यांत टेकड्यांचे बोडके माळ झाले. आणि त्याबद्दल मी त्या शिपायांना दोष देऊ शकत नाही. झाडे तोडली नसती तर ते जगले नसते.

कारण तो हिवाळा साधा नव्हता. अठराव्या शतकातला तिथला सर्वांत कडक हिवाळा म्हणून त्याची नोंद आहे. न्यूयॉर्कचे बंदर गोठले, समुद्राच्या खाडीवरून माणसे आणि गाड्या चालत जाऊ लागल्या. त्या मोसमात वीसहून जास्त हिमवादळे झाली. त्यांतले सर्वांत भीषण जानेवारी १७८० च्या पहिल्या आठवड्यातले. जेम्स थॅचर नावाचा फौजेतला शल्यचिकित्सक रोजनिशी लिहीत असे. त्याने नोंदवले आहे की त्या वाऱ्यात माणूस काही मिनिटांपलीकडे जीव धोक्यात घातल्याशिवाय उभा राहू शकत नव्हता, तंबू फाटून पडले आणि आतले लोक बर्फाखाली गाडले गेले. बर्फ चार ते सहा फूट साचला. रस्ते दिसेनासे झाले आणि रसदीच्या गाड्या येणे थांबले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रोज माणशी सुमारे एक पौंड मांस आणि तेवढीच भाकरी किंवा पीठ असा शिधा ठरलेला होता. तो मिळाला नाही. कधी पीठ आले तर मांस नाही, मांस आले तर पीठ नाही आणि कित्येक दिवस दोन्ही नाही. जोसेफ प्लम्ब मार्टिन नावाचा कनेक्टिकटचा शिपाई तेव्हा फक्त १९ वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी भरती झालेला. त्याने म्हातारपणी, १८३० मध्ये, आपल्या आठवणी छापल्या. तो सांगतो, चार दिवस आणि चार रात्री त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. एका लाकडाच्या तुकड्यावरची काळ्या बर्चची थोडी साल त्याने कुरतडली, तेवढीच. काही जणांनी आपले जुने जोडे भाजून खाल्ले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. काही अधिकाऱ्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला मारून खाल्ले, असे त्याच्या कानावर आले. खुद्द वॉशिंग्टनने एका पत्रात लिहिले आहे की, घोड्यांना घालतात त्यांतले गवत सोडून बाकी सगळे माझ्या शिपायांनी खाल्ले.

काळा बर्च त्या जंगलात आजही आहे. वाटेवर पडलेली एक बारीक डहाळी मी उचलली, नखाने साल खरवडली आणि नातीच्या नाकाशी धरली. ‘आजोबा, आजीच्या गुडघ्याच्या बामचा वास!’ ती ओरडली. बरोबर आहे. बाममध्ये जे विंटरग्रीनचे तेल घालतात ते याच झाडाच्या सालीतूनही काढत असत. वास गोड आणि तरतरीत, चव चघळायला बरी, पण त्याने पोट भरत नाही. सातवीतल्या मुलीला मी मग मार्टिनची गोष्ट सांगितली. तिने ती डहाळी हातातून सोडली नाही आणि बराच वेळ काही बोललीही नाही.

शिधा का मिळाला नाही? बर्फ हे एक कारण, पण एकच नाही. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, छापलेल्या कागदी नोटांना किंमत उरली नव्हती. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला चांदीचा एक डॉलर, असा भाव मान्य केला. अशा नोटा घेऊन कोणता शेतकरी गहू विकेल? मग उपाशी शिपाई रात्री आसपासच्या शेतांवर जाऊन मिळेल ते उचलू लागले. वॉशिंग्टनने जानेवारीत न्यू जर्सीच्या एकेका परगण्याला किती धान्य आणि किती गुरे द्यायची ते ठरवून दिले आणि तिथल्या दंडाधिकाऱ्यांना आर्जवाची पत्रे लिहिली. लोकांनी दिले. त्या थंडीत, त्या बर्फात, घसरगाड्यांवर घालून दिले. फौज तेवढ्यावर टिकली. त्या शेतकऱ्यांची नावे कुठल्या स्मारकावर नसतील, पण ही गोष्ट तिथे सांगितली जाते.

आणखी एक गोष्ट माझ्या पत्नीने टिपली. ती जन्मभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. दोन वर्षांपूर्वी, १७७७-७८ च्या हिवाळ्यात, याच फौजेचा तळ पेन्सिल्व्हेनियात व्हॅली फोर्ज इथे होता. ते नाव जास्त प्रसिद्ध आहे. तिथे थंडी तुलनेने सौम्य होती आणि तरी सुमारे दोन हजार माणसे दगावली, बहुतेक रोगांनी. मॉरिसटाऊनला थंडी कितीतरी भयंकर, उपासमार तशीच आणि मृत्यू मात्र शंभराच्या आसपास. तिचे म्हणणे, हा फरक स्वच्छतेचा. झोपड्या कशा बांधायच्या, दोन झोपड्यांत अंतर किती ठेवायचे, शौचाच्या चराची जागा कुठे, घाण कुठे टाकायची, हे फौज व्हॅली फोर्जला शिकून आली होती. शिवाय देवीच्या रोगाची भीती बरीच कमी झाली होती. फौजेला देवी टोचून घेण्याचा निर्णय वॉशिंग्टनने १७७७ च्या फेब्रुवारीत, याच मॉरिसटाऊनला मुक्काम असताना घेतला होता. एडवर्ड जेन्नरची लस यायला अजून जवळपास वीस वर्षे होती. तेव्हा रोग्याच्या फोडातले द्रव्यच निरोगी माणसाच्या त्वचेत टोचत. त्यात जोखीम होती आणि सगळी फौज काही दिवस आजारी पडणार होती. शत्रूला कळले असते तर अनर्थ झाला असता. पत्नी म्हणाली, ‘लढाया जिंकल्याचं कौतुक सगळे करतात, या हुकुमाचं कोणी करत नाही.’ मलाही ते पटते.

यापुढचा भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. २५ मे १७८० च्या संध्याकाळी कनेक्टिकटच्या दोन पलटणी हत्यारे घेऊन, हुकूम नसताना मैदानात उतरल्या. पाच महिन्यांचा पगार थकलेला आणि पोटात कित्येक दिवस मांस नाही. त्यांना आवरायला गेलेल्या कर्नल मेग्सला संगिनीची जखम झाली. पेन्सिल्व्हेनियाच्या तुकड्या बोलावून ते बंड शमवले. पण १ जानेवारी १७८१ ला त्याच पेन्सिल्व्हेनियाच्या फौजेने याच टेकड्यांवर त्याहून मोठे बंड केले. या गोंधळात कॅप्टन अ‍ॅडम बेटिन हा अधिकारी मारला गेला. पंधराशेच्या आसपास शिपाई तोफांसह प्रिन्स्टनकडे चालू लागले. त्यांची तक्रार अशी होती, की आम्ही तीन वर्षांसाठी भरती झालो, ती वर्षे संपली आणि आता तुम्ही युद्ध संपेपर्यंत म्हणता. इंग्रजांनी ही संधी साधली आणि त्यांच्याकडे माणसे पाठवली, आमच्याकडे या, सगळा थकलेला पगार आम्ही देतो. त्या बंडखोर, उपाशी, नागवलेल्या शिपायांनी त्या हेरांना पकडून आपल्याच सरकारच्या स्वाधीन केले. त्यांना फाशी झाली. वाटाघाटी होऊन तेराशेच्या आसपास शिपायांना सोडून देण्यात आले आणि त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा भरती झाले.

हे मी शाळेत शिकलो नव्हतो. आम्ही वॉशिंग्टन शिकलो, स्वातंत्र्याचा जाहीरनामा शिकलो. आपल्याच सरकारने आपल्याच शिपायांना उपाशी ठेवले, त्यांनी बंड केले आणि तरीही शत्रूकडे गेले नाहीत, हे मला केंद्र सरकारच्या उद्यानात, सरकारी गणवेश घातलेल्या रेंजरच्या तोंडून कळले. लपवाछपवी नाही, सारवासारव नाही. इथे एकही लढाई झाली नाही. विजयाचा दिवस नाही, पराभवाचाही नाही. जी जागा जपली आहे ती भुकेची, थंडीची आणि सरकारच्या नामुष्कीची. मॉरिसटाऊन हे अमेरिकेतले पहिले राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, २ मार्च १९३३ ला स्थापन झालेले. हा मान त्यांनी कुठल्या रणांगणाला न देता इथल्या छावणीला आणि मुख्यालयाला दिला, याचे मला अतोनात कौतुक वाटते.

उद्यानाचा दुसरा भाग गावात आहे, जेकब फोर्डच्या विधवेचे मोठे घर. वॉशिंग्टन तिथे डिसेंबरपासून जूनपर्यंत राहिला. थिओडोसिया फोर्ड आणि तिची चार मुले दोन खोल्यांत आणि बाकीचे घर सेनापतीचे. तेही फार सुखाचे नव्हते. आपल्याकडची अठरा माणसे आणि मिसेस फोर्डकडची सगळी माणसे यांची तिच्या एकाच स्वयंपाकघरात दाटी झाली आहे आणि सर्दीने कोणाला धड बोलताही येत नाही, असे वॉशिंग्टनने लिहून ठेवले आहे. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या फौजेतला फ्रेंच सेनानी लाफायेत याच घरी आला आणि फ्रान्स जहाजे आणि सैन्य पाठवतो आहे ही बातमी घेऊन आला. घर छान आहे, संग्रहालय चांगले आहे, पण दिवसभराचा वेळ नसेल तर मी टेकड्या निवडीन.

टेकड्यांवर पायवाटांचे जाळे आहे, एकूण २५ मैलांहून जास्त. प्रत्येक वाटेचा रंग ठरलेला आणि झाडांच्या खोडांवर त्या रंगाचा पट्टा. विक यांच्या घरापासून पिवळ्या पट्ट्यांची वाट संचलनाच्या मैदानावरून झोपड्यांकडे जाते. ती आमच्या वयाच्या माणसांना सहज जमते. चढ आहे, पण दम लागेल असा नाही. पांढऱ्या पट्ट्यांची मोठी फेरी साडेसहा मैलांच्या आसपास, ती जावयाने आणि मी केली. प्रिमरोझ ओढ्याच्या कडेची वाट नातीला सर्वांत आवडली, कारण ती पाण्यावरून पुन्हा पुन्हा पलीकडे जाते.

आम्ही नोव्हेंबरात गेलो आणि मी सगळ्यांना त्याच महिन्यात जायला सांगेन. पानगळ झालेली असते आणि उताराचा सगळा आकार उघडा पडतो. नीट पाहिले तर झोपडी नसलेल्या टेकड्यांवरही जमिनीत छोटे सपाट तुकडे आणि शेजारी दगडांचे लहान ढीग दिसतात. ते दगड म्हणजे पडलेल्या चुली. मला आधी ते ओळखू आले नाहीत, रेंजरबाईंनी एक दाखवला आणि मग एकामागून एक दिसत गेले. उन्हाळ्यात पानांमुळे यांतले काही दिसणार नाही. कृपा करून त्यांना हात लावू नका. दगड हलवणे, जमीन उकरणे, धातुशोधक यंत्र फिरवणे, सगळे कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे.

आता जंगलाबद्दल, कारण मी मूळचा जंगलाचा माणूस. फौज निघून गेल्यावर तिथे शेती झाली, पुन्हा तोड झाली, मग शेते सोडून दिली गेली आणि झाडे परत आली. आजचे जंगल म्हणजे त्या उघड्या माळांवर आपोआप उगवलेले जंगल. ट्यूलिप वृक्षांची सरळ सोट खोडे पाहून मी थबकलो. फांदी सुरू व्हायच्या आत पन्नास-साठ फूट नुसते खोड. बीच आहे, ओक आहेत. चेस्टनट मात्र जवळजवळ नाहीच. ज्या चेस्टनटच्या ओंडक्यांनी झोपड्या झाल्या तो वृक्ष विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीच्या रोगाने साऱ्या पूर्व अमेरिकेतून संपला. झाडांखाली पाहिले तर काळजी वाटते. हरणे फार वाढली आहेत, ती रोपे वर येऊ देत नाहीत आणि मोकळ्या जागेत जपानी बार्बेरी नावाचे काटेरी झुडूप पसरले आहे. आपल्याकडच्या घाणेरीसारखीच ही बाहेरून शोभेसाठी आणलेली वनस्पती. मोठी झाडे म्हातारी झाल्यावर त्यांच्या जागी काय येणार, हा प्रश्न तिथल्या वनाधिकाऱ्यांपुढेही असणार.

हे जंगल उभे राहिले ते इतिहासामुळे, हेही ध्यानात घ्यावे. न्यूयॉर्कच्या इतक्या जवळची, डोंगरावरची ही जमीन बंगल्यांसाठी केव्हाच विकली गेली असती. मॉरिसटाऊनचे महापौर क्लाइड पॉट्स आणि तिथलेच धनिक लॉइड स्मिथ यांनी १९३० च्या सुमारास धडपड केली. स्मिथ यांनी जॉकी हॉलोची जमीन विकत घेऊन सरकारला दान केली. त्याआधी साठ वर्षे फोर्ड यांचे घर काही नागरिकांनी संघटना काढून स्वखर्चाने जपले होते. मग मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेतून आलेल्या बेकार तरुण मुलांनी इथे वाटा आखल्या, उत्खननाला हात लावला, विक यांचे घर दुरुस्त केले. शिपायांनी बोडक्या केलेल्या टेकड्यांवर शिपायांच्याच आठवणीने झाडे वाचली, हे पाहून माझ्यासारख्याला केवढे समाधान झाले असेल! मी वनखात्यात असताना जंगल राखण्यासाठी लोकांना पाण्याचे, पावसाचे, औषधी झाडांचे फायदे सांगत आलो. जुन्या आठवणीचा फायदा सांगायला हवा होता, असे तिथे वाटले.

विक यांच्या घराबद्दल थोडे. लाकडाचे ठेंगणे घर, बाजूला सफरचंदांची बाग आणि वाफ्यांत स्वयंपाकाच्या व औषधाच्या वनस्पती. त्या हिवाळ्यात जनरल आर्थर सेंट क्लेअर तिथे राहायचा. घरची मुलगी टेम्पी हिने बंडाच्या वेळी शिपाई आपला घोडा नेऊ लागले म्हणून तो घरातच, झोपायच्या खोलीत लपवला, अशी गोष्ट सांगतात. दंतकथाच आहे ती. पण खोली एवढी लहान की घोडा आत मावेल कसा, यावर नातीने रेंजरबाईंशी बराच वेळ वाद घातला. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी तिथे जावे, मग झोपड्यांकडे.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांना माझी मनापासून विनंती आहे. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे २५० वे वर्ष. सहलीला एक शनिवार काढावा. ज्यांची मुले तिथे जन्मली, तिथल्या शाळांत शिकतात, त्यांच्यासाठी हा आपल्या दाराजवळचा इतिहास आहे आणि त्यांचाही आहे. आजी-आजोबांनाही न्यावे. मॉलमध्ये आम्हाला बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा इथे आम्ही तुमच्या पुढे चालू.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मॉरिसटाऊनपर्यंत रेल्वे आहे, पण स्थानकापासून जॉकी हॉलो काही मैल लांब आहे, म्हणून गाडी हवीच. स्वच्छतागृह आणि कागदी नकाशा माहिती केंद्रात मिळतो. नकाशा आवर्जून घ्या, कारण बऱ्याच वाटा एकमेकींना छेदतात. पाणी आणि डबा बरोबर ठेवा, आत खायला काही मिळत नाही. पायात बूट आणि पूर्ण लांबीची पँट हवी, तिची टोके मोज्यांत खोचलेली. तिथल्या झुडपांत आणि पाचोळ्यात बारीक गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. वाट सोडून गवतात शिरू नये आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट पाहावे. मुलांचे तर नक्कीच पाहावे. आपल्या पुरवणीत या जागेवर लेख आला तर ही शेवटची सूचना त्यात चौकटीत छापावी.

आपला,
एक निवृत्त वनक्षेत्रपाल
(सध्या मुक्काम न्यू जर्सी)